आधी एका बांधीत

पोरी, अभ्यासक्रमाचं खोकं आलं, सगळं सपरीत मांडून पाहिलंस, चित्रं बघून हरखलीस, मला बरं वाटलं. आता त्यातलं बरंचसं परत भर आणि माळ्यावर ठेवून दे. छकुलीला नुकतंच पाचवं लागलंय. वर्षभराचं सामान तिच्या डोळ्यांसमोर राहिलं तर ती रोज नवं मागेल, आणि तुझ्या डोळ्यांसमोर राहिलं तर तुला रोज वाटेल की आपण मागे पडलो. घरीच शिकवायचं तुम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय. माझं आयुष्य अंगणवाडीतल्या पोरांमागे गेलं, त्यातून जे हाती लागलं ते तुला सांगून ठेवते.

आपल्याकडे नवं बी आणलं की कोणी ते सगळ्या शेतात लावत नाही. आधी एका बांधीत लावतात, बाकीच्या बांध्यांत जुनंच असू देतात आणि लोंबी भरेपर्यंत धुऱ्यावरून बघत राहतात. आपण खातो तो एचएमटी तांदूळ असाच आला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ साली त्यांना पटेल-३ धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, थोड्याशा जागेत लावल्या, पुढच्या साली पुन्हा लावून पाहिल्या, आणि अशी कित्येक वर्षं गेल्यावर ते वाण नावारूपाला आलं. अभ्यासक्रम असाच लावून बघायचा असतो. खोक्यात गोष्टी आहेत, अक्षरांच्या वह्या आहेत, आकडे आहेत, कातरकाम आहे, निसर्गाचे पाठ आहेत. त्यातल्या फक्त गोष्टी आणि हाताची कामं घे. बाकीचं तुमचं जसं चाललंय तसंच चालू दे.

आत्ता रोवणीच्या दिवसांत सुरू करू नकोस. घरातली सगळी माणसं बांधीत, तू दमलेली, स्वयंपाकाची घाई. पोळा होऊ दे. तान्ह्या पोळ्याला तिचा नंदी सजवून झाला की दुसऱ्या दिवसापासून बस, आणि दिवाळीपर्यंत जमलं की फसलं हे ठरवायचंच नाही असं मनाशी धर. पहिल्या दिवसांतला आनंद खोक्याच्या नवेपणाचा असतो आणि त्यानंतर येणारा कंटाळाही नवेपण ओसरल्याचाच असतो. दोन्ही जाऊ दे, मग जे उरेल ते खरं. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं या वयाला पुष्कळ झाली. पोट भरलेलं असावं, झोप झालेली असावी. उन्हाळ्यात बसायचं तर ऊन चढायच्या आधी; मे महिन्यात दुपारी पोराला काही शिकवायला जाऊ नये, आपल्याकडच्या उन्हात मोठ्यांचंही डोकं चालत नाही.

आता बघायचं काय, ते नीट ऐक, कारण सगळं यावरच आहे. पानं किती झाली ते बघू नकोस. सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी ती बाहुलीला सांगते का, ते बघ. तिच्या भातुकलीत सकाळचा एखादा शब्द, एखादं पात्र येतं का, ते बघ. "पुन्हा" म्हणते का? म्हणाली तर पुढच्या पानाकडे धावू नकोस, तेच दे. या वयात पोरं तेच तेच करूनच पक्की होतात. पुस्तकात नाही असा प्रश्न तिने विचारला तर तो दिवस चांगला गेला असं समज. उलटं पाहायचं तर, पुस्तक काढलं की तिला तहान लागते, शी लागते, पोट दुखतं. एखाद्या दिवशी झालं तर ते खरंच पोट असेल. पण ठरावीक एकाच कामाला रोज पोट दुखायला लागलं, तर ते एक काम काढून टाक, सगळा अभ्यासक्रम फेकू नकोस.

आणखी एक खूण आहे, ती लवकर लक्षात येत नाही. उत्तर द्यायच्या आधी पोर आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. समोरची वस्तू सोडून आईच्या भुवया वाचतं. असं झालं की समज, तुला उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न तू फार विचारतेयस. हा कोणता रंग, हे किती, हे काय. दोन-चार दिवस असे प्रश्न एकदम बंद कर आणि जे तुला खरंच माहीत नाही ते तिला विचार. काल बोडीत बगळे होते, आज कुठे गेले असतील? ही मुंगी एवढा मोठा दाणा घेऊन चढतेय, कुठे नेत असेल? मग ती तुझ्या तोंडाकडे बघायचं सोडून मुंगीकडे बघेल.

रात्री सगळं आवरल्यावर एका वहीत एक ओळ लिही. तिने आज काय विचारलं, काय पुन्हा मागितलं, कशाला टाळलं. गुण नकोत, शेरे नकोत, बरोबर-चूक नको. महिना झाला की एका बैठकीत सगळ्या ओळी वाच. कोणता भाग रुजला ते तुला तिथे दिसेल. आणि तुझा आवाज कोणत्या कामाला चढतो, तेही त्या वहीत लिही. ते कामही काही दिवस बाजूला ठेवायचं.

छापलेलं आहे म्हणून त्याला हात लावायला भिऊ नकोस. आपल्या महाराष्ट्रात हे काम एका बाईने फार मोठ्या प्रमाणावर करून ठेवलंय. ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरीची पद्धत मुलांमध्ये वापरली, तिच्यावर त्यांचा जीव होता. मग १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात समुद्राकाठच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि खेड्यातल्या पोरांसमोर ती पद्धत ठेवायची वेळ आली. माँटेसरीचं सामान महागडं, मापात घडवलेलं लाकूडकाम. खेड्याला ते कुठून परवडणार? त्यांनी शंख-शिंपले घेतले, बिया घेतल्या, पानं, खडे, माती घेतली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत पोराच्या हाताला कळावं हा हेतू त्यांनी तसाच ठेवला, पण वस्तू बदलून टाकल्या. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली पोरं बालवाडीत येईनात. घरी धाकटी भावंडं सांभाळायची, रानात गुरं न्यायची. तेव्हा बालवाडीच पाड्यावर अंगणात गेली, गुरांमागच्या पोरांसाठी कुरणात गेली. पद्धत पोराला येऊन भिडत नाही म्हणून पोराला दोष दिला नाही, पद्धतच उचलून पोराकडे नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली, आपल्या बिरसीसारख्या गावांतही आली. मी जे काही शिकले ते त्या वाटेवरच.

म्हणून खोक्यातलं प्रत्येक पान उघडलंस की आधी स्वतःला विचार, हे पान पोराला काय द्यायला बघतंय? ते ठेव. ज्या वस्तूतून देतंय ती आपल्या गावातली नसेल तर बदल. तुझ्या पुस्तकात बर्फाचा माणूस आहे, लाल छातीचा पक्षी आहे, सफरचंदांची बाग आहे. छकुलीने यातलं काहीच पाहिलेलं नाही. चित्र बघून ती नावं पाठ करेल, पण त्यावर तिच्याकडे बोलायला काही नसेल.

पक्ष्याच्या पाठाला आपला सारस घे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच पक्षी, आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः आपल्याच गोंदिया जिल्ह्यात उरलाय. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच तो घरटं करतो, बहुधा दोनच अंडी घालतो, जोडीने फिरतो, जोडीने ओरडतो. परसवाड्याच्या, झिलमिलीच्या तलावाकडे एकदा तिला पहाटे घेऊन जा. लांबूनच दाखव, घरट्याजवळ जायचं नाही हे तिथेच शिकव. दोन म्हणजे किती, उंच म्हणजे केवढं, जोडी म्हणजे काय, हळू बोलायचं ते का, एवढे सगळे पाठ तिथे होतात. घरी आल्यावर भिंतीवर कोळशाने सारसाच्या उंचीची रेघ मार, शेजारी तिच्या उंचीची मार. मोजणं ती स्वतःहून सुरू करेल.

आणि वाहनांचा पाठ आहे ना, त्याला तर पुस्तक उघडायचंही काम नाही. आपल्या गावची धावपट्टी १९४० सालची, इंग्रजांनी महायुद्धाच्या वेळी बांधलेली. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि तिची छोटी विमानं डोक्यावरून घिरट्या घालतात. आपल्याला त्या आवाजाची सवय झाली, मान वर होत नाही. तिची अजून होते. त्यातल्या काही विमानांना नाकावर एकच पंखा असतो, काहींना पंखांवर दोन. तिला सांग, एक पंख्याचं आलं की एक खडा या वाटीत, दोन पंख्यांचं आलं की दुसऱ्या वाटीत. संध्याकाळी कोणत्या वाटीत जास्त ते ती बघेल. मग सांदवाडीत काठीला चिंधी बांधून दे. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड करून चढतं आणि वाऱ्याला तोंड करूनच उतरतं. चिंधी कुठे फडफडतेय आणि विमान कुठून येतंय हे रोज बघू दे, तू काही समजावू नकोस. तिला स्वतः सांगू दे, मग तो शोध तिचा होईल.

ऋतूंचं कोष्टकही बदल. पुस्तकातलं वर्ष पानगळीपासून सुरू होतं. आपलं वर्ष पऱ्हे टाकण्यापासून. मग रोवणी, पोळा, कापणी, चुरणा, दिवाळीनंतरच्या मंडया आणि दंडार, मग लाखोरी-हरभऱ्याचे दिवस, फाल्गुनात पळस, नंतर मोह वेचणं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. या क्रमाने पाठ मागे-पुढे लाव. पानगळीचा पाठ फेकायचा नाही, तो आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो एवढंच. मोहाखाली तिला पहाटे टोपली घेऊन बसव. वास, रंग, ओलं-सुकं, भरलेली टोपली आणि रिकामी टोपली, सगळं तिथे आहे.

भाषेचं थोडं बोलू. मी तिच्याशी पोवारी बोलते, तू मराठी, गोंदियाच्या बाजारात ती हिंदी ऐकते, आणि खोकं इंग्रजी. यात गोंधळ नाही, पोरं चार भाषा सांभाळतात. पण समजायला जड असं काही पहिल्यांदा सांगायचं ते घरच्या भाषेत. २०२२ च्या ऑक्टोबरात लहान मुलांसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यानेही आठ वर्षांपर्यंत घरच्या भाषेलाच धरायला सांगितलंय, आणि तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तक नको असंही त्यात आहे. तू असं कर. रात्री ती झोपल्यावर गोष्ट स्वतः वाच. सकाळी पुस्तक मिटून तिला आपल्या शब्दांत सांग, हातवारे करून सांग. मग पुस्तक उघडून चित्रं बघू दे. इंग्रजी गाण्यातून, खेळातल्या हुकमांतून येऊ दे. ओळ ओळ वाचून खाली अर्थ सांगत बसलीस तर गोष्टही जाते आणि भाषाही.

पेन्सिलची घाई नको. बोटांना आधी ताकद येऊ दे. कणीक मळू दे, पोळ्याला मातीचे बैल करू दे, रांगोळीचे ठिपके सोडू दे, शेंगा फोडू दे. अक्षरांना सुरुवात करशील तेव्हा अ-आ-इ-ई अशी रांग लावून पाठ करवू नकोस. तिच्या नावातली अक्षरं घे, आजीची घे, घरातल्या माणसांची घे. फलटणला मॅक्सीन बर्नसन बाईंनी मराठी वाचायला शिकवायची पद्धत बसवली, त्यात थोड्या अक्षरांचा एक गट आणि काना असं सोबतच देतात, म्हणजे पोराला लगेच शब्द वाचता येतात. वाचल्याचा आनंद पहिल्या काही दिवसांतच मिळाला पाहिजे. पूर्ण वर्णमाला होईपर्यंत एकही शब्द वाचता येत नसेल तर पोराने कशाच्या आशेवर बसावं?

आकड्यांचं मात्र जरा खोलात सांगते, कारण इथे पोरं घरोघर रडतात. आपण म्हणतो पंचवीस; तोंडात पाच आधी येतात, कागदावर दोन आधी. म्हणून पोर बावन्न लिहितं आणि आपण ओरडतो. त्यावर एकोणतीस, एकोणचाळीस, ते तर आणखी अवघड, पुढच्या दशकाचं नाव घेऊन मागचा आकडा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस सात, साठ तीन अशी वाचनपद्धत जुन्या नावांच्या सोबत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मराठी बुडाली असं लोक म्हणाले. मला विचारशील तर त्या बाईंचं बरोबर होतं. अंगणवाडीतून पुढे गेलेली पोरं दुसरीत याच ठिकाणी अडकलेली मी पाहिली आहेत. छकुलीला अजून वीसच्या पुढे न्यायची गरज नाही. नेशील तेव्हा खराट्याच्या काड्या घे, दहा-दहाच्या जुड्या बांध. दोन जुड्या आणि सात सुट्या. म्हण, वीस आणि सात, आणि यालाच सत्तावीस म्हणतात. दोन्ही नावं रोज एकत्र बोल. काड्या हातात असताना उलटसुलट होत नाही. आणि मोजायला घरात काय कमी आहे? जेवायला किती ताटं, पायलीत किती वाट्या तांदूळ, चार भाकऱ्यांपैकी एक गाईला दिली तर उरल्या किती. ही कामं तिला खरीखुरी दे, खोटी देऊ नकोस. ताट कमी मांडलं तर एकाला ताट नाही हे तिला आपोआप दिसतं, तुला चूक सांगावी लागत नाही.

पाहुणे आले की "दाखव बेटा काय शिकलीस" हे आपल्या घरात होऊ द्यायचं नाही. शेजारचं पोर कॉन्व्हेंटात जाऊन एबीसीडी म्हणतंय, ते त्याचं कौतुक, आपण हसून ऐकायचं. छकुलीच्या बाबाला पण हे सांग. तो कामावरून आला की "आज काय शिकलीस" विचारतो, त्याऐवजी तिच्यासोबत सायकलचं चाक काढायला बसला तर जास्त बरं. आजोबांना मी सांभाळते.

आणखी पैसा घालू नकोस. एनसीईआरटीने २०२३ साली तीन ते आठ वयासाठी 'जादुई पिटारा' काढला, त्यातले खेळ-खेळणी बघून आपल्याला घरी कितीतरी करता येतं. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवता येतात.

पण एक गोष्ट कुठल्याच खोक्यात मिळत नाही, ती म्हणजे दुसरी पोरं. घरी शिकवणाऱ्या आया इथेच कमी पडतात, जीव लावून शिकवतात आणि पोर मोठ्यांतच वाढतं. रांगेत थांबणं, आपलं खेळणं दुसऱ्याने ओढलं तर काय करायचं, भांडून पुन्हा एकत्र बसणं, हे आईकडून शिकता येत नाही, कारण आई हरून देते. गावची अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या पोरांची आहे. तिला तिथे रोज पाठव. गाणी होतात, गरम खाऊ मिळतो, वजन-उंची होते. घरचा अभ्यासक्रम त्यानंतर. दोन्हींत भांडण नाही, आणि सेविकाबाईंना खोक्यातली एखादी गोष्ट सांगायला दिलीस तर चार पोरांचं भलं होईल.

सहाच्या आत घरी शिकवण्यावर कसलंही बंधन नाही. सहा ते चौदा वर्षांचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्यात पोराला शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य म्हणून सांगितलंय. तेव्हा पुढे काय करायचं ते ती सहाची होण्याआधी दोघांनी बसून बोला. उशिरा घातलं तरी वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यावा लागतो, आणि प्रवेशासाठी पोराची परीक्षा घेता येत नाही, हे कायद्यातच आहे. कोणी वेगळं सांगितलं तर घाबरू नकोस. त्याही पुढे घरीच ठेवायचं मनात आलं तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी-आठवीच्या परीक्षा घेतं, त्याची चौकशी वेळेत कर. जन्माचा दाखला, आधार, लसीचं कार्ड एका पिशवीत ठेव. आणि नाव घालायच्या वर्षी, शाळा आपल्या गावची असो की गोंदियाची, तिला घेऊन एकदा मधल्या सुट्टीत जाऊन ये. वर्ग, फळे, रंगवलेल्या भिंती नंतर बघ. आधी पोरं मैदानावर कशी खेळतात आणि बाई त्यांच्याशी कोणत्या आवाजात बोलतात ते ऐक, मग ठरव.